मानाचं पहिलं ताट

सोयरीक पैशावर टिकत नाही, मानावर टिकते, असं वडप्याच्या केसरीनाथ पाटलांचं ठाम मत होतं. भावकीतल्या मुलींची लग्नं ठरवताना ते हे मत दरवेळी मांडत. त्यातली दोन लग्नं तर मत मांडता मांडताच मोडली होती.

आज स्वतःच्या लेकीची, उन्नतीची, बोलणी होती. मुलगा खारबावचा, विपुल; घरचे कापडाचे लूम. म्हणून वार शुक्रवार, लूम बंद असतात तो. जपानी हॉटेलात बसायची कल्पना उन्नतीची. पण हायवेलगतचं ते हॉटेल केसरीनाथांच्या चुलतभावाच्या जागेत उभं होतं, तेव्हा तिथे आपल्याला काही कमी पडणार नाही, हा विश्वास केसरीनाथांचा.

टेबल म्हणजे मधोमध लोखंडाचा भलामोठा तवा. पलीकडे आचारी, उरलेल्या तीन बाजूंना माणसं. केसरीनाथांनी मुलाच्या मामांना, सावळाराममामांना, बरोबर मध्यावर बसवलं. मुलाकडचं पहिलं ताट मामाचं. ते चुकलं की मामा उठतो, आणि मामा उठला की सगळी पंगत उठते. मागच्या खेपेला पुतणीच्या वेळी नेमकं हेच झालं होतं, आणि ती अजून घरीच होती.

पाणी मागितलं तेव्हा वेटरने टिशू पेपर आणले. मग केसरीनाथांनी डोकं लढवून टिशू पेपर मागितले, तर काहीच आलं नाही. उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याने अंडं उडवून टोपीत झेललं आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या वाजेपर्यंत त्याने पुढचं काम केलं नाही. मग कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचून त्यातून जाळ काढला. विपुलची आई खुर्चीसकट मागे सरकली. एवढं सगळं झाल्यावर कोलंबी शिजली, आणि पहिली बशी गेली ती डाव्या टोकाला, केसरीनाथांच्या पुतण्याला, दीपेशला. तो फोटो काढायला म्हणून आला होता. त्याने कोलंबी तोंडात टाकली आणि सगळे आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना.

मामांचा चेहरा मुळातच गंभीर होता. तो आणखी गंभीर झाला.

केसरीनाथांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तिसऱ्या हाकेला आला. इथे लेफ्टकडूनच वाढतात, तशी सिस्टम आहे, असं त्याने हिंदीत समजावलं.

"सिस्टम तुमची, पण जागा आमची हाय," केसरीनाथ म्हणाले.

जागेचं जे काय असेल ते मालिकशी बोला, असं सांगून मॅनेजर दुसऱ्या टेबलाकडे गेला. तिथे टाळ्या कमी पडत होत्या.

आनंदीबाईंनी नवऱ्याच्या कोपराला हात लावला. "अवो, मामांना इचारा तरी, काय हवंय नको."

"इचारायचं काय त्यात? मान कोन इचारून देतो काय? मी हाय ना."

सिस्टम बदलत नसेल तर माणसं बदलायची, हे केसरीनाथांना सुचायला वेळ लागला नाही. त्यांनी सगळ्यांना उठवलं. पर्सा, मोबाइल, विहिणीची ओटीची पिशवी, सगळं हलवून मामांना डाव्या टोकाला आणलं. मामा काही बोलायला लागले, तेव्हा केसरीनाथांनी हात जोडून त्यांना खाली बसवलं. एवढ्यात पहिल्या आचाऱ्याची ड्युटी संपली. दुसरा आला. तो डावखुरा होता. त्याने सुरमई भाजली आणि उजव्या टोकापासून वाढायला घेतली. पहिली बशी आनंदीबाईंसमोर आली. पाहुण्यांच्या आधी यजमानिणीला वाढलं जातं असं दृश्य खारबावच्या मंडळींनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. आनंदीबाईंनी बशीला हात लावला नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सगळे पुन्हा उठले. उन्नती तेवढी बसून राहिली. बाबा, हे लग्न मोडलं तर मी पुन्हा कुणासमोर चहाचा ट्रे घेऊन येणार नाही, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं. विपुलने ते ऐकलं आणि तवा किती स्वच्छ आहे ते पाहत राहिला.

आता केसरीनाथ स्वतः तव्याच्या पलीकडे गेले. तिथे कस्टमर चालत नाही, असं आचारी म्हणाला. केसरीनाथ कस्टमर म्हणून गेलेच नव्हते. त्यांनी त्याच्या हातून बशी घेतली, सगळ्यात मोठी तुकडी निवडली, तिच्यावर पडलेले मूठभर तीळ फुंकरीने उडवले, आणि सबंध हॉटेलच्या देखत ती बशी दोन्ही हातांनी मामांपुढे धरली.

मामांनी बशीकडे पाहिलं. मग केसरीनाथांकडे.

"पाटील, पोरगी आमाला पसंत हाय. गाडीतनं उतरली तवाच पसंत पडली. मघापासनं तेच सांगतोय, तुमी बोलूच देत न्हाय. आन मना देवीचा शुक्रवार हाय, म्हावरं चालत न्हाय. आल्या आल्या त्या पोराला एक च्या सांगितली, तेवढी कुटं रायली बघा."

मॅनेजरला विचारलं. चहा मेनूत नव्हता. ग्रीन टी होती, पण ती संपली होती.

मग सगळी मंडळी सर्व्हिस रोड ओलांडून गोडाऊनसमोरच्या टपरीवर गेली. वैशाखातली तारीख तिथेच उभ्या उभ्या ठरली. पहिला ग्लास मामांना द्यायचा, असं केसरीनाथांनी टपरीवाल्याला दोनदा बजावलं. टपरीवाल्याने सगळे ग्लास तारेच्या जाळीतून एकदमच आणले.

पहिला ग्लास मामांच्या गाडीच्या ड्रायव्हरने उचलला.