विड्यांचं ताट

आखातात, दोह्यातल्या कोकणी लग्नांत टोमण्यांची गाणी म्हणावीत तर अमिनाने आणि तिच्या नणंदेने, सुगराने. ज्याला टोमणा बसला त्याने पडद्यापलीकडून विड्यांचं ताट पाठवायचं आणि ताट आलं की गाणं थांबवायचं, असा रिवाज. आजही टोमणा अमिनाच्या नवऱ्याला, इब्राहीमला होता. रत्नागिरीला तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि हा नेहमी म्हणायचा, “पुढच्या बोटीने धाडतो तुला, इन्शाल्ला.” सुगराने पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. “पुढची बोट गो, पुढची बोट, मियाँच्या माझ्या—” ताट हजर. पलीकडे सगळ्यांत मोठ्याने इब्राहीमच हसत होता. “अगो, ताट आलं ना? खलास!” प्रत्येक लग्नात हे कडवं इथेच तुटायचं. “भाबी, जाऊ दे,” डबा बाजूला ठेवत सुगरा पुटपुटली. अमिनाने ताट उचललं आणि पडद्याखालून परत सरकवलं. हसणं थांबलं. सुगराने डबा पुन्हा मांडीवर ओढला.