सांधलेलं चाक

लढाईमुळे विलायतेतून सुटे भाग येत नव्हते, म्हणून नगरच्या वखारीतल्या जुन्या करवतयंत्राचं तडकलेलं बिडाचं चाक थॉमस मिस्त्रीने लोखंडी पट्टी ठोकून सांधलं. हातोडीने वाजवून पाहिलं, तर आवाज बद्द आला; म्हणजे आतला तडा तसाच होता. यंत्र चालवणारा त्याच्या बायकोचा भाऊ जॉर्ज शेजारीच उभा होता. “दाजी, चालू करू का? पलटनीच्या पेट्या आजच द्यायच्यात.” नाही म्हटलं तर मालक दोघांनाही घरी बसवणार, हे थॉमसला ठाऊक होतं. “कर,” तो म्हणाला. दुपारी चाक फुटलं आणि जॉर्ज जागीच गेला. दफन उरकून घरी आल्यावर लिडियाने नवऱ्याला विचारलं, “चाक टिकनार न्हाई, हे तुमाला कळलं हुतं का?” वखारीत सगळे जुन्या बिडालाच दोष देत होते. “व्हय,” थॉमस म्हणाला. तिने त्याचं ताट वाढलं, आणि पुन्हा कधीच त्याच्याशी बोलली नाही.