कोपऱ्यावरची खडखड

“पेट्रोल गाडी म्हणजे लोणी, ताई! सुरू आहे की बंद, कळतसुद्धा नाही,” सेल्समन म्हणाला. तिनं शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याची जुनी डिझेल गाडी कोपऱ्यावर खडखडली की मागच्या दारातल्या चपला अडकवून लेक शेजारच्या काकूंकडे पळायची. नवऱ्याचा पट्टा मग हिच्या एकटीच्याच पाठीवर बसायचा. त्याचा स्वभाव ती पुरता ओळखून होती: ती पूर्व म्हणाली की तो पश्चिमेला जाणार. “पेट्रोलच घेऊया ना,” ती लाडात म्हणाली, “डिझेलच्या खडखडाटानं डोकं उठतं.” सेल्समन वळताच नवऱ्यानं तिचं मनगट पिरगाळलं, तिच्या घड्याळाची काच फुटून मांसात घुसली. “अक्कल पाजळू नकोस!” मग हसून हाक मारली, “अहो, डिझेल दाखवा!” जखम रुमालानं दाबत तिनं विचारलं, “फार आवाज करते?” “ताई, कोपऱ्यावरून ऐकू येते!” तिनं नवऱ्याला दिसेल असं तोंड वाकडं केलं.