मूनलाइट, हजार मीटर

"पाय तुझे थरथरतायत, घोडीचे नाही," रोहिदासमामा म्हणाला. "तिचे कान बघ, कसे निवांत आहेत."

वर्षाली रिकिबीत एक पाय अडकवून तशीच उभी. धड वर नाही, धड खाली नाही. चाकणच्या त्या मोकळ्या प्लॉटवर पहाटेचं धुकं पसरलं होतं. पलीकडच्या रस्त्यानं नव्या कोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर गेला, तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या त्या गाड्या धुक्यावर तरंगत गेल्यासारख्या दिसल्या.

मागच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या एका घोडीवरून पडली होती. हाताचं हाड जुळलं, भीती मात्र तिथंच राहिली. तोवर वडिलांच्या, अण्णांच्या, बैलगाड्यापुढं घोडी पळवायचं स्वप्न ती वर्गातसुद्धा बघायची. शर्यतीच्या घाटात प्रत्येक बारीला बैलांच्या पुढं घोडी सुटते, तिच्यामागं बैल सुटतात. घोडी कचरली तर मागून बैल अंगावर.

आणि यंदा नेमका अण्णांचा घोडीवाला रणजीत हिंजवडीत कॅब चालवायला लागला होता.

"जत्रेपातुर बसलीस तर बारी तुझी," नवनाथअण्णांनी कंपनीत निघताना सांगून टाकलं होतं. "न्हाई तर दुसरा बघतो. आन् मग पुन्हा घोडीचं नाव काढायचं न्हाई. दहावी हाय तुझी."

त्यावर मामानं टेम्पोतून ही घोडी आणून उभी केली. मामा पूर्वी रेसकोर्सच्या तबेल्यात होता.

"अस्सल थरोब्रेड," तो म्हणाला. "हजार मीटरची राणी. नाव मूनलाइट."

"एवढी पांढरी?"

"जन्मली राखाडी. एकेक शर्यत जिंकत गेली आणि एकेक छटा उजळत गेली."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, कंपन्यांचे दिवे लागायच्या वेळी, वर्षाली पत्र्याच्या शेडमध्ये मूनलाइटच्या मानेवर हात ठेवून बसायची आणि मामा सांगायचा. पहिल्या शर्यतीत फाटक उघडलं तरी ही झोपेतच होती म्हणे. बाकीचे घोडे निम्म्यात पोचले, तेव्हा कुठं हिला जाग आली. मग अशी सुटली की जॉकीची टोपी मागं राहिली. पुण्याच्या पावसाळी चिखलात पळाली, मुंबईच्या थंडीत पळाली. हजार मीटर म्हणजे एका श्वासाचं अंतर. तो श्वास हिनं कधी मध्येच सोडला नाही.

"मग विकली का?"

"जॉकी बदलला. पळाली, पण मनापासून नाही. घोडी पायानं पळत नसते बाळा, मनानं पळते. तेव्हापासून मनाजोगता स्वार शोधतीये."

वर्षालीला रात्री झोपेत टापा ऐकू यायच्या. सकाळी वाटायचं, या टापा घोडीच्या स्वप्नातल्या असाव्यात, चुकून आपल्या झोपेत आल्या.

घोडी होतीच तशी. फटाके वाजले तरी कान हलायचा नाही. कुणी मोबाइल समोर धरला की मान उंच करून शांत उभी राहायची. "जिंकल्यावर फोटो निघायचे ना," मामा म्हणायचा. रस्त्यात दिव्यांची कमान दिसली की ती थांबायचीच. "तिला विनिंग पोस्ट वाटतं ते, शर्यत संपायचा खांब."

त्या पहाटे धुक्यात वर्षालीनं डोळे मिटले.

"तू फक्त बस," मामा म्हणाला. "पळायचं सगळं तिला ठाऊक आहे."

ती बसली. पडली नाही. दुसऱ्या दिवशी हळू पळवली, चौथ्या दिवशी जोरात. सुरुवातीला घोडी जरा बुजली.

"गेटची सवय आहे तिला, मोकळ्यावर गोंधळते," मामानं समजावलं. मग वर्षालीच तिच्या कानात सांगायला लागली, "चल राणी, हजार मीटर!"

जत्रेच्या दिवशी घाटात माणूस मावेना.

"काय नवनाथराव," कुणीतरी टोमणा मारला, "पोरगी बसवलीय? बैलं लाजतील राव!"

"बैलं न्हाई, तू लाजशील," अण्णा म्हणाले. पण कासऱ्याचा आणखी एक वेढा त्यांनी हाताला घेतला.

निशाण पडलं.

वर्षालीला आवाज ऐकूच आला नाही. चिखल, थंडी, फाटक, एका श्वासाचं अंतर, सगळं तिच्याखालून वाहत गेलं. मागं बैलांचा धपधपाट जवळ आला, आणखी जवळ. ती घोडीच्या मानेवर वाकली. "मनानं, राणी, मनानं!" आणि मूनलाइट अशी ताणली गेली की वारासुद्धा मागं राहिला.

"झाली, झाली, झाली!" भोंगा किंचाळला. बारी पहिल्या नंबरात बसली होती. भंडारा उधळला. अण्णा चाळीशीतला माणूस, पण लहान पोरासारखे उड्या मारत होते.

मग हलगी कडाडली.

मूनलाइटनं कान टवकारले. पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा. हलगीच्या ठेक्यावर ती झुलायला लागली, मागच्या पायांवर उभी राहिली, खाली आली, पुन्हा झुलली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नाचत नाचत ती बक्षिसाच्या मांडवाशी गेली आणि दिव्यांच्या कमानीखाली मान झुकवून थांबली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

पंचांच्या घरच्या सुमनताई औक्षणाचं ताट घेऊन पुढं आल्या आणि जागीच थबकल्या.

"अगं सोने! तू हितं कशी?"

वर्षालीनं मामाकडं पाहिलं. मामा खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता. त्याच्या चपलेला पट्टा नव्हता.

"मोशीच्या बँडवाल्याची सोनी ही," वर्षालीला टिळा लावत सुमनताई कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या निरंजनची वरात हिच्यावरच निघाली व्हती. लई गुणाची. पर पळताना बाय आजच बघितली."