मामाची पाठ

"मामाऽ, नवरीला आणा!" भटजींनी पुन्हा हाळी दिली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते. आणि इकडे रंगनाथमामा बाह्या सरसावून भाचीसमोर उभा, नि त्याला आडवी त्याचीच सख्खी बहीण, नवरीची आई.

"दादा, तू तिला उचलायचं न्हाई," गोजरबाई म्हणाली. "पाठीचं आप्रेशन झालंय तुजं. बन्सी उचलंल."

बन्सी म्हणजे चुलतमामा. गडी तयारच होता. रंगनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. राहात्याकडच्या त्या घराण्यात नवरी मांडवात यायची ती मामाच्या हातांवरून. रंगनाथला मूलबाळ नव्हतं. लंका ही एकुलती भाची, त्याच्या खांद्यावर बसून वाढलेली. ती शिकत राहिली, लग्न लांबत गेलं, नि मामा या दिवसाकडे डोळे लावून बसला. आणि ऐनवेळी बन्सी? छे!

"अगं, माजं मास कापलंच न्हाई!" तो गरजला. "मणक्यातली गादी सरकली हुती. तिथवर जायला दुसरे डॉक्टर पाठीचं मास हाडापासनं खरवडून काढत्यात. मग कसली आलीया ताकद! माज्या डॉक्टरनं तसं केलं न्हाई. मणक्याच्या बाजूला मासाचे जाड पट्टे असत्यात. त्यांच्यामधी फट असती. तिथं बोटं घातली, पट्टे हळूच अलग केले, भांग पाडल्यावानी! काम झाल्यावर पट्टे आपसूक मिटले."

"डोक्यावर केस न्हाई, आन पाठीला भांग!" बन्सी म्हणाला. मांडव खदखदून हसला.

गोजरबाई मात्र हटली नाही. "आन इचारल्याबिगर कळशीबी उचलायची न्हाई, हे कोन म्हनलं? डॉक्टरच ना? मग आदी डॉक्टरला इचार!"

"आत्ता? डॉक्टरला आज सवड कुटं?"

पुन्हा हशा पिकला. पण मामाला हसू येईना. त्याचे डोळे भरले. भटजी घड्याळ दाखवू लागले. हट्टापायी पोरीचा मुहूर्त टळला तर? त्याने बाह्या खाली ओढल्या.

"ये रं बन्सी," तो कसाबसा म्हणाला. "संभाळून उचल तिला."

बन्सी पुढे झाला. तेवढ्यात नवरीने हाताने त्याला थांबवलं. मुंडावळ्या मागे सारून ती मामाच्या पाठीशी गेली. मेंदीभरल्या बोटांनी सदऱ्यावरून मणक्याच्या दोन्ही अंगांना दाबून पाहिलं. एकदा वाकायला लावलं, एकदा ताठ उभं केलं.

"आई, ही पाठ मीच उघडली नि मीच शिवली. पक्की झालीया," लंका म्हणाली. "मामा, गुडघ्यात वाका, कमरेत न्हाई. आन चला, उचला मला!"