गार पायरी

रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली मी लॅबच्या पायरीवर जरा टेकले, तर सासूबाई कडाडल्याच. "ऊठ आधी! गार दगडावर बसून बसूनच कूस गारठवून घेतलीस!" आमच्या सर्बियात नुकत्याच चालायला लागलेल्या पोरीलाही हेच ऐकवतात. त्यांनी पिशवीतून उशी काढून माझ्याखाली सारली आणि वर सुनावलं, "माझा नेबोयशा बघ! बारा महिने मी विणलेली लोकरीची चड्डी घालतो. त्याला कशाला हव्यात तपासण्या?"

"आई, हळू बोल ना," माझा नवरा रांगेतल्या बायकांची नजर चुकवत म्हणाला.

तरी त्याच्याही सगळ्या तपासण्या मी करून घेतल्याच.

आठवड्यानं रिपोर्ट आले. न बोलावता आत शिरलेल्या सासूबाईंसमोरच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या रक्तात काही खोट नाही. थायरॉइड, हार्मोन्स, सगळं ठणठणीत. याचे शुक्रजंतू मात्र कमी आहेत. तिथं फार ऊब चालत नाही. लोकर आजपासून बंद."

"पण डॉक्टर, आईनं हातानं विणलीय ती," नेबोयशा पुटपुटला.

"मग आईलाच मफलर करून द्या त्या लोकरीचा."





आता रोज संध्याकाळी मी उशीवर बसून कॉफी पिते, आणि सासूबाई लेकाला अंगणातल्या गार पायरीवर बसवून समोर उभ्या राहतात, "उठलास तर बघ!"