मधला थर

"सर्व्हर धडधाकट आहे सर." चिकलठाण्याच्या प्लांटवरून फोन केलेल्या साहेबांना मी वरच्या खोलीतून पुन्हा तेच समजावत होतो. "पण वर चालणारी आभासी लिनक्स प्रणाली आणि खालचं मशीन यांचं पटत नाही. म्हणून बारीकसारीक गोष्टसुद्धा मधल्या सॉफ्टवेअरच्या थराला समजून घेऊन पोचवावी लागते. काम होतं, पण सगळा वेळ हेलपाट्यांत जातो."

खालून वडिलांचा निरोप घेऊन आई जिना चढून दारात आली. "अण्णा म्हणतायत, त्याला सांग, नळ आलाय, मोटार लाव."

"त्यांना विचार, पाईप कुठं ठेवलाय."

ती खाली गेली.

"मग दोन्हीतलं एक बदलून टाक ना," साहेब म्हणाले.

"दोन्ही जुनी आहेत सर. कुणीच बदलण्यातलं नाही."

आई परत आली ती वरच्या पायरीवरच बसली, गुडघे धरून. "पाईप गच्चीवर आहे म्हणाले." तिला धाप लागली होती. "आणि नळ गेला. आता आठवडाभर टँकर."

"मग त्यांनी मला एक हाक मारायची ना," मी चिडून म्हणालो.

आई पदरानं कपाळावरचा घाम टिपत राहिली. फोनवर साहेबच वैतागले, "अरे, पण त्या दोघांना सरळ बोलायला काय होतं?"